दयेचा अर्ज, मुक्काम पोस्ट आहुपे

आहुप्याला आलेला पुणेकर छत्रीवरून ओळखू येतो. पाऊस वरून खाली पडतो या श्रद्धेवर छत्रीचा सगळा धंदा उभा आहे, आणि ही श्रद्धा घोडेगावपर्यंत व्यवस्थित टिकते. डिंभ्याच्या धरणापाशी तिला पहिला तडा जातो. पुढे जलाशयाच्या कडेकडेने वळणं घेत रस्ता सह्याद्रीच्या धारेवर पोचतो, समोर जमीन संपते आणि खाली मुरबाड तालुका सुरू होतो. तिथून वारा कडा चढून सरळ तोंडावर येतो आणि येताना पाऊस सोबत आणतो. मुरबाडमध्ये पडायला निघालेला पाऊस आंबेगाव तालुक्यात खालून वर येतो. हद्दीचा प्रश्न कोणी काढत नाही. पुणेकराची छत्री आधी उलटी होते, मग तिच्या काड्या सुटतात, आणि मग तो आकाशाकडे बघून म्हणतो, ‘‘आता बास की रे बाबा!’’

हा दयेचा अर्ज. तोंडी, बिनतारखेचा, कोर्ट फीचा स्टॅम्प न लावलेला. तो फेटाळला जातो.

इंग्रजांची गंमत अशी की असल्या हवेला ते ‘इन्क्लेमंट’ म्हणतात आणि फाशीच्या कैद्याला जी माफी मिळते तिला ‘क्लेमन्सी’. एकाच घरातले दोन शब्द. आकाश आणि राज्यपाल या दोघांच्या कामाला त्यांनी एकच शब्द का योजला असेल, हे पुण्यात बसून कळत नाही. मुळात लंडनला वर्षभरात पडतो तो पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आसपास. आपलं हवामान खातं चोवीस तासांत २०४.४ मिलिमीटरच्या वर गेलं की ‘अत्यंत मुसळधार’ म्हणतं. म्हणजे घाटमाथ्यावरचा पाऊस मनात आणलं तर लंडनचं वर्ष तीन दिवसांत उरकून चौथ्या दिवशी जेवायला मोकळा. एवढ्याशा भुरभुरीसाठी त्यांनी आकाशाला निर्दय ठरवलं. आहुप्याला एखादा पावसाळा काढला असता तर त्यांना कोश नव्याने छापावा लागला असता.

पण शब्द मात्र त्यांनी बरोबर पकडला. आकाश हा एक अधिकारी आहे, हे आहुप्यात आषाढात आल्यावर पटतं. तो वर बसतो. भेटीची वेळ देत नाही. आज येतो म्हणून चार दिवस येत नाही आणि आला की उठत नाही. त्याच्या मर्जीची बातमी खालच्या लोकांना तिसऱ्याच माणसाकडून कळते. पूर्वी पंचांगातून कळायची, आता मोबाइलवर पिवळा, नारिंगी किंवा लाल रंग येतो. मोबाइलला रेंज नसल्यामुळे लाल रंग बहुतेक वेळा पाऊस झाल्यावर पोचतो. ‘‘काल लाल होतं म्हणं,’’ एक मामा मला म्हणाले. ‘‘आम्हाला निळंच दिसलं. ताडपत्री निळी हाय ना.’’

पंचांगवाल्यांचा कारभार जास्त मुरलेला होता. त्यांनी पावसाला स्वभाव दिले. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. मघांचा सासूंचा, पूर्वांचा सुनांचा. शिवाय प्रत्येक नक्षत्राला वाहन: कुठे बेडूक, कुठे म्हैस, कुठे गाढव. हवामान खात्याची स्थापना १८७५ ची. दीडशे वर्षांत त्यांना चार रंगांच्या पुढे जाता आलं नाही, आणि इथे पावसाला सासू काय, सून काय, गाढव काय! या विभागणीत कोणाला दयामाया जास्त, हा आवणीच्या वेळी बायकांत रंगणारा विषय. (भाताची रोपं खाचरात लावतात ती आवणी. कंबर वाकवून, पोटरीभर चिखलात, दिवसभर.) तरण्याला दया नसते, त्याला जोर दाखवायचा असतो, इथवर एकमत. म्हातारा जोरात पडत नाही पण थांबतही नाही. एकच गोष्ट दिवसभर सांगत बसतो. सासूंच्या पावसावर मात्र सभेत दोन तट पडतात आणि ते वयानुसार पडतात. एका आजींनी निकाल दिला, ‘‘सासूचा पाऊस वाईट न्हाई. गरजतो लय, पडतो बेताचा. सुनंचा बघा, आवाज न्हाई नि सगळं घर गळतंय.’’ शेजारच्या खाचरात त्यांची सून होती. तिने रोपांची मूठ जरा जास्तच खोल रोवली.

या सगळ्यात दयेला जे नाव आहे ते ‘उघडीप’. झड लागलेली असते, चार दिवस ओल्या लाकडाचा धूर घरात वेटोळं घालून बसलेला असतो, पलीकडचं घर म्हणजे धुक्यातून येणारा खोकला एवढंच उरलेलं असतं. आणि एका दुपारी कोणीतरी वरून झाकण काढावं तसं फटकन् उघडतं. समोर गोरखगड, मच्छिंद्रगड आपापल्या जागी असतात. पावसाने नेले नव्हते. लगेच गाव बाहेर येतं. चुलीवरच्या दोरीवर धुरात मुरत पडलेले कपडे बाहेर दगडांवर येतात. कुत्री अंग झटकतात. म्हातारी माणसं ओट्यावर येऊन गुडघे उन्हात धरतात. कोणी कौल सारतं, कोणी ताडपत्रीवर दगड वाढवतं. हा सगळा जुलमाच्या काळातला मंजूर झालेला पॅरोल. किती मिनिटांचा ते आदेशात लिहिलेलं नसतं.

आता इथे पुणेकराची आणि गावाची फारकत होते. कारण उघडीप तासाभराची असली तर सगळ्यांनाच हवी. पण समजा ती आठ दिवस टिकली, आणि तीही ऐन जुलैत. पुणेकर खूश. कड्यावर बसून फोटो, मक्याचं कणीस, ‘‘काय क्लायमेट आहे!’’ आणि इकडे खाचरातलं पाणी आटत चाललेलं, रोपं पिवळी पडायला लागलेली, अर्धी आवणी बाकी. खाचराच्या बांधावर बसलेला माणूस त्याच आकाशाकडे बघतो आणि त्याचा अर्ज असा असतो: ‘‘पड की लेका. किती दया करशील!’’ एकाच टेबलावर, एकाच दिवशी, एकाच अधिकाऱ्याकडे दोन परस्परविरोधी दयेचे अर्ज. वरच्याने काय करायचं? तो बहुधा तेच करतो जे कोणताही मुरलेला अधिकारी करतो. दोन्ही अर्ज नस्तीला लावून तो स्वतःच्या सवडीने पडतो.

पावसावर असे विनोद करताना या खोऱ्यात एका जागी आवाज खाली आणावा लागतो. ३० जुलै २०१४ च्या सकाळी याच डिंभ्याच्या खोऱ्यातल्या माळीण गावावर डोंगर आला. दीडशेहून जास्त माणसं गेली. बातमी बाहेर कळली ती एसटीच्या चालकामुळे. गाडी घेऊन आला तर रोजचं गाव जागेवर नव्हतं. त्यानंतर या भागात मोठी सर आली की बोलणारी माणसं मधेच गप्प होतात आणि वरच्या डोंगराकडे एकदा बघून घेतात. मग पुन्हा बोलायला लागतात. त्या बघण्याबद्दल कोणी काही विचारत नाही, मीही विचारलं नाही.

तर अधिकारी. आकाशाच्या खालोखाल दुसरा अधिकारी म्हणजे सरकार, आणि दोघांची कार्यपद्धती इतकी सारखी आहे की एक दुसऱ्याकडे प्रशिक्षणाला गेला असावा. सरकारची दया मिळायची तर आधी अतिवृष्टी व्हावी लागते. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पडला की अतिवृष्टी. ६४ पडला तर ती रिमझिम. घाटमाथ्याला ६५ मिलिमीटर म्हणजे सकाळच्या चहाआधीचं काम, तेव्हा ही अट इथे पुरी होते. किंबहुना रोजच पुरी होते आणि म्हणूनच तिच्याकडे कोणी गांभीर्याने बघत नाही. दुसरी अट, नुकसान किमान ३३ टक्के हवं. पूर्वी ते ५० टक्के लागायचं, २०१५ पासून दयाबुद्धी सतरा टक्क्यांनी वाढली. म्हणजे पोराने तीन भाकऱ्यांतली एक चिखलात पाडली तर पुरे होईलसं वाटतं. पण पुरे होत नाही, कारण एक तृतीयांश म्हणजे ३३ पूर्णांक काहीतरी, आणि त्या काहीतरीवर पंचनामा अडतो.

पंचनाम्याचा संवाद मी ऐकलेला आहे. साहेबांचं नाव-गाव सांगत नाही. ते भले होते आणि त्यांचे बूट चिखलात अडकले होते.

‘‘बाबा, किती टक्के गेलं?’’

‘‘साहेब, ते काय दिसतंय का आता? बांध फुटून खालच्या खाचरात गेलं. खालचं त्याच्या खालच्यात. आमचं भात आता डिंभ्यात आसंल.’’

‘‘तरी टक्के?’’

‘‘तुम्हाला किती लागतं?’’

साहेबांनी वर बघितलं. बाबांच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. पाहुण्याला चहात साखर किती लागते असं विचारावं, तितक्याच आपुलकीने त्यांनी विचारलं होतं. साहेबांनी काय लिहिलं ते मी बघितलं नाही. कानाडोळा केला. आपल्याकडे दयेचं निम्मं काम कानाडोळ्यावर चालतं. तो कुठल्याही नियमावलीत नाही, तरी सगळ्या नियमावल्या त्याच्यामुळे माणसांना झेपतात.

हिरड्याचं प्रकरण याच्या पुढचं. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळी घरांत रोख पैसा येतो तो मुख्यतः हिरड्यातून. उन्हाळ्यात झाडावरून कोवळा बाळहिरडा काढायचा, वाळवायचा, विकायचा. पावसाळ्याचं मीठ-मिरची आणि पोरांच्या वह्या त्यातून निघतात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि त्याने हिरड्याची झाडं झोडपून काढली. (वादळांना नावं कोण ठेवतं कोण जाणे. मोडलेल्या झाडाखाली उभं राहून ‘निसर्गाने केलं’ असं सांगितलं की ऐकणारा म्हणतो, ते कळलं, पण कशाने केलं?) भात गेलं तर भरपाईचा तक्ता आहे. हिरडा मात्र कोणी पेरत नाही, कोणी खुरपत नाही. तो आजा-पणजापासून बांधावर उभा आहे. मग त्याला पीक म्हणायचं की झाड? या प्रश्नाचं उत्तर गावाकडे होतं, हिरडा म्हणजे हिरडा. पण असा रकाना छापील नमुन्यात नसतो. वादळाला लागले काही तास. भरपाई मागायला लोकांना पुढे वर्षानुवर्षं मोर्चे काढावे लागले, धरणं धरावी लागली. हिरडा पोट साफ करतो असं आयुर्वेद सांगतो. सरकारी फायलीवर त्याचा प्रयोग झालेला नसावा.

आणि दया मिळतेच तेव्हा तिचं नाव ‘माफी’. कर्जमाफी. या शब्दाने मला कायम कोड्यात टाकलंय. माफी गुन्ह्याला असते. पाऊस जास्त पडला, पाऊस कमी पडला, भाव पडला, यातला गुन्हा शेतकऱ्याचा कोणता? तरी माफ करतात त्याला. हे बहुधा वरच्या लोकांच्याही लक्षात आलं असावं, कारण २०१७ च्या योजनेच्या नावात ‘सन्मान’ आला आणि २०१९ च्या योजनेच्या नावात ‘मुक्ती’. नावं बदलली, गावात मात्र कोणी ‘आमचा सन्मान झाला’ म्हणत नाही. ‘‘माफीत बसलो’’ म्हणतात, किंवा ‘‘न्हाई बसलो’’. शंभर माणसांच्या गाडीत जागा मिळाली किंवा नाही मिळाली, त्या सुरात.

कर्जाच्या बाबतीत दयेचा एक जुना स्थानिक प्रकार इथे होऊन गेला, तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. याच पश्चिम आंबेगावातल्या जांभोरीचा होनाजी भागोजी केंगले. १८७३ च्या सुमारास हा महादेव कोळी गडी सावकारांच्या विरुद्ध उठला आणि त्याच्या टोळ्यांनी पुणे-ठाण्याच्या डोंगरपट्ट्यात धुमाकूळ घातला. वह्या, खतं ताब्यात घेतली, आणि कित्येक सावकारांची नाकं कापली. जीव घेतला नाही, नाक घेतलं. आता बघा, मराठीत क्षमा करायची तर अपराध पोटात घालतात, क्षमा मागायची तर नाक घासतात. सावकार नाक घासायला तयार नव्हते, तेव्हा होनाजीने नाकाचा प्रश्नच निकालात काढला. इंग्रज अधिकाऱ्यांना हे क्रौर्य वाटलं आणि वाटणारच. पण फाशीच्या तुलनेत ते नरमाईचं धोरण होतं, असं नाक असलेल्या कोणालाही म्हणता येईल. १८७६ मध्ये होनाजी पकडला गेला. दरम्यान १८७५ मध्ये पूर्वेकडच्या सुप्याला कर्जाच्या वह्या जाळण्याचे दंगे झाले, आणि १८७९ मध्ये सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आणला: कोर्टाने कर्जाचा मागचा सगळा इतिहास तपासावा, आणि पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैद करू नये. दयेचा अर्ज शाईने लिहून पाठवला असता तर किती वर्षं लागली असती, हा हिशेब मी करत नाही.

इंग्रजांच्या दयेचं मोजमाप त्याआधीच या लोकांना झालेलं होतं. अकोले तालुक्यातल्या देवगावचा राघोजी भांगरे, याच समाजाचा. २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी दिली. तिथे कोणाचं हृदय द्रवलं नाही. पुढे नऊच वर्षांनी उत्तरेत उठाव झाला आणि गव्हर्नर जनरल कॅनिंगने ३१ जुलै १८५७ ला फर्मान काढलं की बंडात भाग न घेतलेल्या शिपायांना सरसकट लटकवू नका, जरा चौकशी करा. एवढंच. तर त्याच्याच देशबांधवांनी त्याला नाव ठेवलं ‘क्लेमन्सी कॅनिंग’. दयाळू म्हणून नव्हे, टर उडवायला. ज्या भाषेत दयाळू ही शिवी होऊ शकते, त्या भाषेतल्या लोकांनी आपल्या पोराचं नाव क्लेमंट ठेवावं याचं मला आश्चर्य वाटतं. पण ठेवलं. आणि १९४७ ला आपण स्वतंत्र झालो तेव्हा तिकडचा पंतप्रधान नेमका क्लेमंट ॲटली होता. हवा शेवटी निवळली म्हणायची.

रोमनांचं तर विचारूच नका. ज्युलियस सीझरने युद्धात हरलेल्या शत्रूंना माफ केलं म्हणून तिथल्या सिनेटने त्याच्या दयेच्या नावाने देऊळ बांधायचं ठरवलं. आणि ज्यांना त्याने माफ केलं त्यातलेच ब्रूटस आणि कॅशियस १५ मार्चला खंजीर घेऊन आले. ही गोष्ट मी आहुप्यात ओट्यावर सांगितली. सगळ्यांनी नीट ऐकून घेतली. ‘‘माफ केलं ते ठीक,’’ एक जण म्हणाले, ‘‘पण मंग त्यांना जवळ कशाला बशिवलं?’’ दोन हजार वर्षांच्या इतिहासलेखनाचा निकाल एका वाक्यात.

महाराष्ट्रात दया जलद कशी पोचते याचं उदाहरण हवं असेल तर मुंबईला जावं लागतं. नौदलातले कमांडर नानावटी. १९५९ चा खून, ज्यूरीचा आठ विरुद्ध एक असा सुटकेचा कौल, तो हायकोर्टात उलटला आणि ११ मार्च १९६० ला जन्मठेप झाली. राज्यपालांचा शिक्षा स्थगित करणारा आदेश कधी निघाला? त्याच दिवशी. सुप्रीम कोर्टाला पुढे सांगावं लागलं की अपील आमच्यापुढे असताना तुम्ही मधे पडू नका. नोव्हेंबर १९६१ मध्ये जन्मठेप कायम झाली. मग १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना माफ केलं. एकट्या नानावटींना माफ करणं बरं दिसेना म्हणून की काय, आयात परवान्याच्या प्रकरणात सापडलेल्या भाई प्रताप या सिंधी व्यापाऱ्यालाही सोबत माफी मिळाली. दया ही जोडीने, बेताच्या वजनात तोलून दिलेली बरी दिसते. घटनेतलं कलम १६१ राज्यपालाला हा अधिकार देतं, कलम ७२ राष्ट्रपतीला. यातलं कुठलंच कलम हिरड्याला लागू नाही.

आहुप्यात स्वतःचं असं एक माफीचं खातं आहे आणि ते कोणत्याही कलमाशिवाय चालतं. एकाचा बैल दुसऱ्याच्या नाचणीत शिरतो. बोंब होते, बैलाच्या मालकाच्या तीन पिढ्यांचा उद्धार होतो, संध्याकाळी बैलवाला येऊन ओट्यावर बसतो, काही बोलत नाही. घरवाला थोड्या वेळाने म्हणतो, ‘‘असू द्या. जनावर हाय.’’ खटला संपला. यात उदारपणाइतकाच हिशेबही आहे, कारण चार दिवसांनी आवणीला त्याच माणसाची जोडी लागणार असते. या पट्ट्यात पडकई म्हणून पद्धत आहे: उतारावर दगडी ताली घालून, माती अडवून खाचर तयार करायचं काम सगळ्यांनी मिळून करायचं, आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. ज्याच्याकडे उद्या जायचंय त्याला आज फाशी देऊन चालत नाही. अधिकाऱ्याला ही अडचण नाही. त्याची तीन वर्षांनी बदली होते.

माफ न करणारा एकच आहे आणि तो देवराईत बसतो. आहुप्याची देवराई म्हणजे हातभर जाड गारंबीचे वेल झाडांवरून लोंबलेले, आत भर दुपारी संध्याकाळ. तिथलं झाड तोडायचं नाही, बस. इथे पंचनामा नाही, टक्केवारी नाही. ‘‘चुकून फांदी मोडली तर?’’ मी विचारलं. ‘‘नारळ ठेवायचा.’’ ‘‘आणि मुद्दाम तोडली तर?’’ मामांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. ‘‘कोण तोडतंय?’’ असा प्रश्न त्यांनी उलट विचारला, आणि तो मला उद्देशून होता. मी नारळाचा भाव विचारून विषय बदलला. वन खात्याकडे फलक आहेत, दंड आहे, कायदा आहे. या देवाकडे नुसता दबदबा आहे, तरी त्याचं जंगल उभं आहे.

खरं तर आहुपेकरांनी माफ केलेल्यांची यादी काढली तर मोठी होईल. पहिलं नाव धरणाचं. घोड नदी उगवते आहुप्याच्या बाजूला, पाणी साठतं डिंभ्याला, आणि खळाळतं ते पूर्वेच्या उसात. ज्या आंबेगावाचं नाव तालुक्याला, ते मूळ आंबेगाव त्या पाण्याच्या तळाशी गेलं. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. जलाशयाला मात्र चांगलं नाव आहे, हुतात्मा बाबू गेनू सागर. याच तालुक्याच्या महाळुंगे पडवळचा हा गिरणी कामगार १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत विदेशी कापडाच्या लॉरीपुढे आडवा पडला, आणि लॉरी थांबली नाही. चार महिने पावसात भिजलेल्या या पट्ट्यातल्या वाड्यांवर एप्रिलमध्ये बायका हंडे घेऊन झऱ्यावर रांग लावतात. ‘‘पाणी आमच्या दारावरनं जातं,’’ एक मावशी म्हणाल्या, ‘‘थांबत न्हाई, एवढंच.’’ तक्रारीचा सूर नव्हता. पाहुणा घाईत असेल तर त्याला कोणी अडवत नाही.

दुसरं नाव पर्यटकांचं. शनिवारी येतात, धुक्यात गाणी लावतात, कड्याच्या टोकावर उभे राहून एकमेकांना मागे सरक म्हणतात. प्रशासन पावसाळ्यात धोक्याच्या जागी बंदी घालतं, तिच्या पाटीपाशीही फोटो काढतात. वाट चुकलेल्या पोरांना शोधायला भर पावसात बॅटरी घेऊन जातो तो गावचाच कोणीतरी. सापडल्यावर आधी दोन शिव्या आणि मग चहा, हा क्रम ठरलेला. शिव्या मनापासून, चहाही मनापासून.

आणि एसटी. राज्याने दयेची खाती सगळ्यात सोपी केली ती इथे: पंचाहत्तरीच्या पुढे तिकीट माफ, ऑगस्ट २०२२ पासून, बायांना अर्धं, मार्च २०२३ पासून, पासष्टच्या पुढच्या पुरुषांनाही अर्धं. यात एकच अडचण, वय. या पट्ट्यातल्या जुन्या माणसांचा जन्म गुरुजींनी लावला आहे. शाळेत नाव घालताना अख्खा वर्ग १ जूनला जन्मला. जे शाळेत गेले नाहीत ते आधार कार्डावर १ जानेवारीला जन्मले. आपल्या जन्माच्या वर्षी कोणत्या नक्षत्रात किती पाऊस होता हे म्हाताऱ्याला आईने सांगितलेलं असतं, पण नक्षत्राचं प्रमाणपत्र चालत नाही.

घोडेगावहून निघालेल्या गाडीत एक बाबा खिडकीशी बसले होते. कंडक्टर ताई तरुण होत्या. कार्ड बघून म्हणाल्या, ‘‘बाबा, चौऱ्याहत्तर. अर्धं घ्यावं लागेल.’’

‘‘आगं, मी ऐंशीचा हाय. माझ्या मागचा भाऊ पंचाहत्तरीत फुकट फिरतोय.’’

‘‘धाकटे?’’

‘‘धाकटा. त्याचा गुरुजी निराळा.’’

गाडी हसली. ताईंनी कार्ड उलटंपालटं केलं, खिडकीबाहेर पावसाकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं. मनात त्यांनी सूट दिलेली स्पष्ट दिसत होती. पण पुढच्या फाट्याला तपासणीस चढतात आणि मशीन आधार कार्डाचं ऐकतं. बाबांनी ते ओळखलं. कमरेच्या पिशवीतून मोड काढली, मोजली, त्यांच्या हातावर ठेवली.

‘‘राहू दे पोरी,’’ ते म्हणाले. ‘‘तुझी नोकरी हाय. पण पुढच्या साली मी पंचाहत्तर होईन तवा या गाडीवर तूच यायचं बघ, म्हणजे परत भांडाया नको. आणि आता आधी ती काच लाव, पाऊस आत यायलाय. त्याला तर तिकीटच न्हाई.’’